टाळीचं येणं-देणं

मराठी माणूस विनोद तोंडाने सुरू करतो आणि हाताने संपवतो. शेवटचं वाक्य सुटायच्या आतच त्याचा उजवा पंजा, तळवा वर करून, तुमच्या पोटापर्यंत येऊन ठेपलेला असतो. ‘दे टाळी!’ तुम्हाला विनोद कळलेला असो वा नसो, पंजा तिथे हजर आहे. तुमच्या एका हातात भज्यांची बशी असेल, काखेत छत्री असेल, दुसऱ्या हाताने तुम्ही धाकट्याला धरलेलं असेल, त्या पंजाला त्याच्याशी काही कर्तव्य नाही. तो टाळी घेतल्याशिवाय हलायचा नाही. शेवटी तुम्ही बशी धाकट्याच्या हातात देता, धाकटा ती उपडी करतो, आणि तुम्ही टाळी देता. हसू एक वेळ दाबता येतं, टाळी टाळता येत नाही.

टाळी वाजवणं वेगळं आणि टाळी देणं वेगळं, हे आधी सांगितलं पाहिजे. वाजवायला स्वतःचे दोन हात पुरतात. सत्काराच्या वेळी, नाटकाचा पडदा पडल्यावर, किंवा प्रमुख पाहुण्यांचं भाषण संपलं या निखळ आनंदात आपण जी वाजवतो ती ही टाळी. एका खिशातले पैसे काढून दुसऱ्या खिशात ठेवावेत तसला हा घरगुती व्यवहार. देण्याच्या टाळीला मात्र परक्याचा हात लागतो. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ ही म्हण आपण भांडणाच्या वेळी वापरतो. खरं म्हणजे ती आनंदासाठी राखून ठेवायला हवी होती. भांडण मनातल्या मनात एकट्यालाही करता येतं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ‘घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याचे जमा करा’ हा द्विनोंदी पद्धतीचा नियम आमच्याकडून इतका घोकून घेतला होता की झोपेतही म्हणता यावा. हा नियम मी एकदा टाळीला लावून पाहिला आणि पेन थांबलं. टाळी मागणारा आपला हात पुढे देतो. टाळी देणारा तो हात घेतो. मग देणारा कोण आणि घेणारा कोण? जगातला हा एकच व्यवहार असा दिसतो की दोघांच्याही खात्यात जमा पडते, नावे कुणाच्याच पडत नाही, आणि तरीही ताळेबंद जुळतो. ऑडिटरला दाखवला तर तो नक्की आक्षेप काढील.

आमचं धर्माबाद टाळीच्या बाबतीत सधन गाव आहे. नांदेड जिल्ह्याच्या आणि महाराष्ट्राच्याही पार कडेला. रेल्वेने पुढे निघालात की बासर येतं, ते तेलंगणात. बासर लागलं की सरस्वतीचं देऊळ सुरू आणि मराठी पाट्या बंद. आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. राज्यं बदलली, पण आलेली एकही भाषा परत गेली नाही. त्यामुळे आमच्या टपरीवर एकाच विनोदाला तीन भाषांत टाळी मागितली जाते. एकजण म्हणतो, ‘दे टाळी, गड्या!’ दुसरा म्हणतो, ‘ताली दे, मियाँ!’ आणि तिसरा तेलुगू बोलणारा, तो काही न बोलता हात पुढे करतो, कारण तिन्ही भाषांत तेवढ्याने भागतं. तेलुगूत टाळ्यांना ‘चप्पट्लु’ म्हणतात. पुण्याकडून बदलून आलेल्या एका सहकाऱ्याने हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याने आधी गालावर हात ठेवला.

धर्माबादची दुसरी ओळख म्हणजे लाल मिरची. हंगामात मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि गावाला एकदम ठसका लागतो. आमच्या काउंटरवर येणाऱ्या नोटांनाही तिचा वास असतो. त्या दिवसांत नोटा मोजताना कॅशियर शंभराच्या आत दोनदा शिंकतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात करतो. अशा गावात टाळीचा एक नियम आपोआप तयार झाला आहे. मिरचीच्या दिवसांत मोंढ्यात टाळी दिलीत तर त्या हाताने डोळे पुसायचे नाहीत. विनोद चांगला असला की डोळ्यांत पाणी येतंच, आणि पुसायला गेलात की वाईट विनोदालाही तेवढंच येतं. म्हणून आमच्याकडे विनोदाची प्रत डोळ्यांच्या पाण्यावरून ठरवत नाहीत.

टाळीचेही खात्यांसारखे प्रकार असतात. पहिली बचत खात्याची टाळी. सांभाळून, बेताची, महिन्यातून ठरावीक वेळाच निघणारी. ही मास्तर लोकांत आढळते. दुसरी चालू खात्याची. वाक्यागणिक हात पुढे. ‘काल बाजारात गेलो, दे टाळी, कांदे घेतले, दे टाळी.’ अशा माणसाशेजारी अर्धा तास बसलं तर तळहाताला रात्री खोबरेल लावावं लागतं. तिसरी उचल म्हणून घेतलेली आगाऊ टाळी. यात विनोद सांगायच्या आधीच टाळी वसूल होते आणि पुढे विनोद येतच नाही. हे खातं थकबाकीत जातं. चौथी मुदत ठेव. हा माणूस टाळी घेतो आणि तुमचा हात सोडतच नाही. पुढचा विनोद होईपर्यंत तो हात त्याच्या ताब्यात असतो, आणि मुदतीआधी सोडवून घेतलात तर त्याच्या चेहऱ्यावर दंड आकारल्यासारखा भाव येतो. पाचवी टाळी पहिलवानी. तिच्याविषयी लिहायला उजवा हात लागतो, आणि तो दोन दिवस उपलब्ध नसतो.

ऑफिसात टाळीला ज्येष्ठता यादी असते. हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. शिपाई शिपायाला टाळी देतो, क्लार्क क्लार्कला, अधिकारी अधिकाऱ्याला. साहेबांनी क्लार्कपुढे हात केला तर तो विनोद नसतो, तोंडी आदेश असतो. तो ताबडतोब, जागेवरून उठून, दोन्ही पायांवर उभं राहून पाळायचा. उलट दिशेने हात करायचा नसतो. आमच्याकडे एक शिपाईमामा होते. तेहतीस वर्षं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला पाणी दिलं, चहा दिला, किल्ल्या दिल्या. निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, शाल आटोपली. साहेबांनी भाषणात मामांच्याच तोंडचा एक जुना किस्सा सांगितला. लोक हसले, आणि मामांनी शालीतून हात बाहेर काढून थेट साहेबांपुढे धरला. ‘साहेब, द्या की टाळी!’ हॉल क्षणभर गप्प झाला. साहेबांनी टाळी दिली, आणि चांगली वाजवून दिली. मामांना त्या दिवशी ग्रॅच्युइटीचा कागदही मिळाला होता, पण ते गावभर सांगत फिरले ते टाळीचं.

घरातही असंच आहे. आईच्या बोलण्यावर वडील हसायचे, अगदी ठसका लागेपर्यंत हसायचे. पण त्यांनी आईला टाळी दिलेली मी कधी पाहिली नाही. त्या पिढीत नवऱ्याचा हात बायकोच्या हातावर चारचौघांत एकदाच पडायचा, तो पाणिग्रहणाच्या वेळी, आणि तोही भटजींनी सांगितल्यावर. आमच्या घरी मात्र सौ. बिनदिक्कत टाळी मागते. विनोद बहुतेक माझ्यावरचा असतो, एवढीच काय ती अडचण.

विनोद बाजूला ठेवला तरी टाळीवर मोठमोठे व्यवहार चालत आलेले आहेत. आमच्या जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, सगळ्यांचा बाजार. जनावरांच्या बाजाराची जुनी रीत अशी की भाव तोंडाने करायचा नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडे सांगतात. वरून चेहरे असे की दोघं कुणाच्या तरी मातीला आले आहेत. शेवटी एकजण रुमाल झटकतो, हातावर हात मारतो, सौदा पक्का. आयर्लंडच्या जत्रांतही घोड्याचा सौदा असाच तळहातावर तळहात मारून पक्का करत आले आहेत. मराठवाड्यातल्या आणि आयर्लंडमधल्या दलालांना एकमेकांची भाषा कळणार नाही, पण एकाच घोड्यात ते दोघं मिळून तिसऱ्याला फसवू शकतील. आमच्याकडे त्याच घोड्यासाठी कर्ज घ्यायचं तर इतक्या ठिकाणी सह्या कराव्या लागतात की शेवटच्या सहीपर्यंत घोडा म्हातारा होतो.

राजकारणाने तर हा शब्द कायमचा उचलला आहे. दोन पक्ष एकत्र यायचे म्हणजे ‘टाळी देणार का?’ असंच आता वर्तमानपत्रं विचारतात. २०१३ च्या सुरुवातीला उद्धव ठाकरे एका मुलाखतीत टाळी एका हाताने वाजत नाही अशा अर्थाचं बोलले, तेव्हापासून दोन चुलतभावांच्या टाळीची वाट पाहण्यात मराठी पत्रकारांची बारा वर्षं गेली. ५ जुलै २०२५ ला वरळीत दोघं एका मंचावर आले. टाळीची एवढी दीर्घ मुदत आमच्या कोणत्याही ठेव योजनेत नाही.

पण आमच्या तालुक्यातली टाळी त्याहून अवघड. गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र इतके भांडले की २०१० साली चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन धर्माबादेत आले, त्यांना अटक झाली, आणि आमच्या गावाचं नाव पहिल्यांदा दिल्लीपर्यंत ऐकू गेलं. पुढे २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. देखरेखीला तीन सदस्यांची समिती. एक या राज्याचा, एक त्या राज्याचा आणि एक केंद्रीय जल आयोगाचा. म्हणजे एक हात इकडचा, एक हात तिकडचा, आणि दोन्ही हात एकमेकांवरच पडतात ना, गालावर नाही ना, हे बघायला तिसरा माणूस. सरकारी टाळी अशी वाजते.

एवढा सगळा टाळीचा वारसा घरात असताना आमचे चिरंजीव एक दिवस दहावीचा गणिताचा पेपर देऊन आले आणि म्हणाले, ‘पप्पा, हाय-फाय द्या!’ मी सवयीने तळवा वर करून हात पुढे केला. तो म्हणाला, ‘असा नाही, वर!’ आणि माझा हात मनगटाला धरून त्याने स्वच्छ हवेत उभा केला, पोलीस गाडी थांबवतो तसा. मग त्यावर आपला पंजा आपटला. म्हणाला, हे अमेरिकेतून आलंय. आमच्या घरात कुठलीही गोष्ट अमेरिकेतून आली म्हटलं की मला तिचं मूळ खातं उघडून बघावंसं वाटतं.

बघितलं. शब्द ‘हाय-फाय’ नाही, ‘हाय फाइव्ह’ आहे. हाय म्हणजे उंच आणि फाइव्ह म्हणजे पाच बोटं. ‘उंच पंजा’ म्हणा. त्याचा जन्म सांगणाऱ्या कथा अनेक, पण सर्वांत प्रसिद्ध कथेला तारीखही आहे. २ ऑक्टोबर १९७७. आपल्याकडे गांधी जयंतीची सुट्टी, आणि तिकडे लॉस एंजेलिसला डॉजर्स नावाच्या संघाचा बेसबॉलचा सामना. मोसमाचा शेवटचा दिवस. बेसबॉलमध्ये चेंडू मैदानाबाहेर मारला की त्याला होम रन म्हणतात, आपला षटकार समजा. डस्टी बेकर नावाच्या खेळाडूने त्या दिवशी मोसमातला तिसावा होम रन मारला. त्या संघातल्या तिघांचे आधीच तीस झाले होते. एका संघातल्या चौघांनी एकाच मोसमात तिशी गाठावी असं आधी कधी झालं नव्हतं. बेकर धावत परत आला तेव्हा पुढचा फलंदाज ग्लेन बर्क तिथे उभा होता, आणि आनंदाने त्याचा हात आपोआप डोक्याच्याही वर गेला होता. बेकरला काही सुचलं नाही. समोर हात दिसला, त्याने त्यावर हात मारला. मग बर्क खेळायला गेला, त्यानेही होम रन मारला, आणि आल्यावर बेकरने त्याला तीच टाळी परत केली. येणं-देणं जागच्या जागी फिटलं.

दुसरी कथा लुइव्हिल विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची, १९७८-७९ च्या मोसमातली. त्या खेळाडूंचं म्हणणं, खालची टाळी आम्हीच वर नेली. तिसरी कथा २००७ साली आली, त्यात एका खेळाडूचं नाव होतं, त्याच्या वडिलांची व्हिएतनाम युद्धातली पलटणही होती. अमेरिकेत एप्रिलच्या तिसऱ्या गुरुवारी ‘उंच पंजा दिन’ साजरा करतात, तो व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मुलांनी २००२ साली सुरू केला. ती तिसरी कथा याच मंडळींनी रचलेली थाप निघाली. टाळीलाही बनावट दस्तऐवज असतो हे वाचून मला, बँकेचा माणूस म्हणून, बरं वाटलं.

पण त्या खालच्या टाळीपाशी मी थांबलो. अमेरिकेतले काळे लोक जाझच्या जमान्यापासून एकमेकांना टाळी देत आले आहेत. तळवा वर, पंजा खाली, अगदी आपल्यासारखी. ‘पाच दे’ म्हणायचे, किंवा ‘कातडी दे’. ज्यांच्या कातडीला बाकीचे लोक हात लावायला तयार नव्हते त्यांनी एकमेकांना ‘कातडी दे’ म्हणावं, यातला विनोद समजायला वेळ लागतो, आणि समजल्यावर हसू येत नाही.

ग्लेन बर्कचं पुढे काय झालं, तेही वाचलं. तो समलिंगी होता. संघात कुजबुज होती. त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे की लग्न करावं म्हणून संघाच्या व्यवस्थापनाने त्याला ७५,००० डॉलर देऊ केले होते. आम्ही लग्नासाठी कर्ज देतो, पण परतफेड मागतो. इथे फक्त अटच होती. त्याने नकार दिला. १९७८ मध्ये त्याला दुसऱ्या संघात पाठवलं, आणि १९७९ नंतर मोठ्या सामन्यांत तो दिसला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो वस्तीत तो राहायला गेला आणि तिथे रस्त्यात भेटेल त्याला उंच पंजा द्यायचा. १९९५ मध्ये तो एड्सने गेला, बेचाळिसाव्या वर्षी. तोवर त्याची टाळी जगभर पोचली होती. ज्याने पहिला हात वर केला त्याच्या हातावर हात मारायला मात्र त्याचे स्वतःचे लोक राहिले नव्हते. २०२२ मध्ये त्याच डॉजर्सनी त्याच्या कुटुंबीयांना मैदानावर बोलावून त्याचा सन्मान केला. टाळी दिली म्हणायची, पण घेणारा सत्तावीस वर्षांपूर्वी गेलेला.

टाळीने काम सुधारतं, हेही आता सिद्ध झालं आहे म्हणतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी बास्केटबॉलच्या २००८-०९ च्या मोसमाचे सामने तपासले. मोसमाच्या सुरुवातीला ज्या संघांचे खेळाडू एकमेकांना जास्त टाळ्या देत होते, पाठीवर थाप मारत होते, ते पुढे चांगले खेळले. हा शोध आमच्या कार्यालयात कुणी कळवू नये अशी माझी विनंती आहे. लगेच परिपत्रक निघेल. प्रत्येक शाखेला टाळ्यांचं मासिक उद्दिष्ट मिळेल, आणि मार्चअखेर आम्ही दारं लावून रात्री दहापर्यंत एकमेकांना टाळ्या देत बसू.

सगळ्यांचेच हात अधांतरी राहण्याची वेळ २०२० मध्ये आली. २२ मार्चला जनता कर्फ्यू होता. संध्याकाळी पाच वाजता सारा देश दारात, गच्चीवर येऊन टाळ्या वाजवत होता. लोकांचं लक्ष आवाजाकडे होतं, माझं हातांकडे. प्रत्येकाचे स्वतःचेच दोन हात. दुसऱ्याच्या हाताला हात लावायची सोय त्या दिवसापासून संपली होती. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्येच दाखवलं होतं की हस्तांदोलनापेक्षा टाळीतून जवळपास निम्मेच जंतू जातात, आणि मुठीला मूठ लावली तर त्याहूनही कमी. पण निम्म्या जंतूंचीही तेव्हा कुणाची तयारी नव्हती. बँक चालू होती. काउंटरवर काच आली, मास्क आले. मोंढ्यातला आमचा एक जुना खातेदार, हमालीचे पैसे भरायला यायचा. भरणा झाला की त्याचा एक विनोद आणि माझी एक टाळी, हे व्याज ठरलेलं. त्या दिवसांतही त्याने विनोद सांगितला आणि सवयीने हात पुढे केला. काच लागली. त्याने तिकडून काचेवर पंजा ठेवला, मी इकडून ठेवला. आवाज आला नाही. ‘जमा धरा साहेब,’ तो म्हणाला, ‘सुटल्यावर घेतो.’ पुढच्या वर्षी काच निघाल्यावर त्याने ती थकलेली टाळी मागून घेतली, तीही मोंढ्यातून थेट आलेल्या हाताने. मी दिवसभर डोळ्यांना हात लावला नाही.

आपले हात वर्षभर अधांतरी राहिले तर आपण इतके कासावीस झालो. पण काही हात पिढ्यान् पिढ्या तसेच राहिलेले आहेत. जुनी माणसं सांगतात, गावात पाणी मागायला आलेल्या काही लोकांना ओंजळ पुढे धरावी लागे आणि पाणी वरून ओतलं जाई. तळवा वर केलेला हात तोच, टाळी मागतो तसाच. त्यावर पाणी पडायचं, हात पडत नसे. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली. कायदा शिवायची बंदी उठवू शकतो, टाळी द्यायची सक्ती करू शकत नाही. ते काम टपरीवरच व्हावं लागतं. आमच्या मोंढ्यातल्या टपरीवर आता कुणाचा हात कुणाच्या हातावर पडला हे कुणी विचारत नाही. निदान विनोद चांगला असेपर्यंत तरी नाही.

आणि एक टाळी आगगाडीतली. डब्यात लांबून ती ऐकू येते, पंजे फाकवून, बोटं ताठ करून वाजवलेली, तृतीयपंथीयांची. ती ऐकली की साऱ्या डब्याला अचानक निसर्ग आवडू लागतो. सगळे खिडकीबाहेर बघतात. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने या लोकांना तृतीयपंथी म्हणून कायदेशीर ओळख दिली. त्या खटल्यातल्या एक अर्जदार गौरी सावंत या मूळ पुण्याच्या. त्यांच्या आयुष्यावर २०२३ मध्ये मालिका निघाली, तिचं नावच ‘ताली’. मला त्या नावाचा अर्थ नांदेडहून येताना कळला. उमरीला एक म्हातारी चढली होती, मांडीवर पिशवी. ती टाळी वाजवणारी समोर आली तेव्हा म्हातारीने दहाची नोट काढून दिली आणि सरकून जागा केली. ‘बस की बाई जरा, कवापासून हुभीच हायस.’ ती बसली. दोघी हळू आवाजात काय बोलल्या कोण जाणे, पण धर्माबाद जवळ आलं तेव्हा म्हातारी एकदम खुदकन हसली आणि तिने हात पुढे केला. दुसरीने त्यावर टाळी दिली. सगळा डबा खिडकीतून आत वळून बघायला लागला. इतका वेळ जी टाळी ऐकू येत होती ती एकाच माणसाच्या दोन हातांची होती. ही दोन माणसांची होती. आवाजात फरक कळत होता.

आमच्या धंद्यात चेक वटला नाही तर १३८ वं कलम आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढे केलेला हात न वटवता परत पाठवला तर कोणतंही कलम लागत नाही, म्हणून ते सर्रास चालतं. पण पुढे आलेला हात हा धारकाला देय असलेला चेक आहे. त्याला खात्यात शिल्लक बघावी लागत नाही, सही जुळवावी लागत नाही, आधार कार्डाची झेरॉक्स लागत नाही. विनोद कळला नाही तरी चालतो. आला की वटवून टाकावा.

फक्त आमच्या मोंढ्यात असाल तर नंतर डोळे पुसू नका.